शिर्मर पट्टी: मांजराच्या, कुत्र्याच्या आणि इतरांच्या डोळ्यांसाठी किती कामाची?

डोळ्यात पाणी किती बनतं हे मोजायला आजही कागदाची पट्टीच लागते. रुंदी ५ मिमी, लांबी जेमतेम ४ सेंमी, एका टोकापासून ५ मिमीवर बारीक खाच. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ साली माणसांसाठी ही तपासणी मांडली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात ती जवळपास तशीच आली. टोक खाचेपाशी वाकवायचं, खालच्या पापणीच्या आत अडकवायचं, ६० सेकंद थांबायचं आणि कागद किती मिमी भिजला ते वाचायचं. वस्तू इतकी साधी, की जी मिळेल ती मागवली जाते. पण कागद बदलला की आकडा बदलतो, पट्टी धरायची रीत चुकली की आकडा बदलतो, आणि मांजराच्या बाबतीत सगळं बरोबर करूनही आकडा फसवू शकतो. म्हणून हे सविस्तर परीक्षण.

आधी कागद. बहुतेक चांगल्या पट्ट्या व्हॉटमन ४१ या गाळण कागदाच्या किंवा त्याच्याच तोडीच्या कागदाच्या असतात. हा कागद पाणी भराभर ओढतो. प्रयोगशाळेत सर्रास पडलेला असतो तो १ नंबरचा कागद याहून घट्ट आणि संथ असतो. त्याच्या पट्ट्या कापून वापरल्या तर निरोगी डोळाही कोरडा ठरेल. ४१ नंबरचा कागद आणून घरीच कापायचा तर धारदार ब्लेड, पोलादी पट्टी आणि मिमीचा आलेख-कागद हवा. रुंदी अर्धा मिमी जरी इकडेतिकडे झाली तरी तेवढंच पाणी जास्त किंवा कमी लांबवर पसरतं. कात्रीने कापलेली कडा दबते आणि ओल तिरकी चढते. शिवाय निर्जंतुक करणं आलं. ब्लॉटिंग पेपर किंवा टिश्यू तर मुळीच नको. विकतची पट्टी इतकी महाग नाही की हा उद्योग करावा. शिकवण्याच्या वर्गात सरावासाठी ठीक, पेशंटवर नको.

विकतच्या पट्ट्यांत दोन तऱ्हा. एक साधी पांढरी, जी काढून वेगळ्या मोजपट्टीवर धरून वाचावी लागते. दुसरी मिमीच्या खुणा छापलेली आणि खाचेजवळ निळ्या रंगाचा पट्टा असलेली. ओल पुढे सरकते तसा रंग तिच्याबरोबर ओढला जातो आणि कडा ठळक दिसते. अमेरिकेत मर्कच्या नावाने जनावरांसाठी म्हणून ज्या पट्ट्या वापरल्या जातात त्या याच तऱ्हेच्या. आपल्याकडे बहुतेक वेळा माणसांच्या डोळ्यांसाठी बनवलेल्याच पट्ट्या औषधाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतल्या जातात, आणि त्यांनी काम व्यवस्थित होतं. माझं मत स्पष्टपणे रंगवाल्या, खुणांच्या पट्टीच्या बाजूने आहे. पांढऱ्या कागदावर पांढरी ओल शोधताना ट्यूबलाइटखाली २-३ मिमीची चूक सहज होते. तोवर पट्टी हातात असते आणि ओल पुढे सरकतच असते. रंग कधी पाण्याच्या कडेच्या किंचित मागे राहतो, तेव्हा कागद उजेडात तिरका धरून ओलीची खरी कडा पाहावी. पर्शियन मांजराच्या पांढऱ्या लवीवर निळा डाग पडला तर घाबरायचं कारण नाही, ओल्या कापसाने तो जातो.

पाकीट हातात आलं की दोन गोष्टी बघाव्यात. डोळ्यात जाणारं टोक गोलसर कापलेलं असावं. चौकोनी टोकाचे कोपरे टोचतात आणि टोचल्याने आलेलं पाणी आकड्यात मिसळतं. आणि एका पाकिटात दोनच पट्ट्या असाव्यात, उजव्या-डाव्या डोळ्याची एकेक, वेगळी ओळखता येईल अशी खूण केलेल्या. वीस-पंचवीस पट्ट्या एकाच पुडीत सुट्या भरलेल्या असतील तर त्या घेऊ नका. पुडी एकदा उघडली की उरलेला कागद हवेतला दमटपणा शोषत राहतो.

आता वापर. या पट्टीविषयीच्या निम्म्या तक्रारी खरं तर तपासणीच्या क्रमाच्या असतात. डोळ्याच्या सगळ्या तपासण्यांत ही पहिली करायची: टॉर्च मारण्याच्या आधी, सलाइनने डोळा धुण्याच्या आधी, बधिर करणाऱ्या थेंबांच्या आणि फ्लुरोसीनच्या (डोळ्यावरची जखम हिरवी दाखवणाऱ्या रंगाच्या) आधी. प्रखर उजेडाने पाणी वाढतं, धुतल्याने सलाइनच मोजलं जातं, बधिर केल्यावर डोळा जाणिवेने जे पाणी सोडतो ते बंद होतं. चिपडं असतील तर कोरड्या कापसाने हलकेच टिपायची, पापणीच्या आत घासायचं नाही. टेबलावर पंखा किंवा कूलरचा झोत येत असेल तर तेवढं मिनिट बंद ठेवावा.

पट्टी पाकिटातच असताना, बाहेरूनच चिमटीत धरून खाचेपाशी वाकवायची आणि मग पाकीट दुसऱ्या टोकाकडून फाडायचं. वाकवलेल्या टोकाला बोट लावायचं नाही, कारण त्वचेचं तेल कागदाला लागलं की तिथे पाणी शिरत नाही. खालची पापणी अंगठ्याने किंचित खाली ओढून पट्टी अडकवायची ती पापणीच्या मध्यात नाही, तर कानाकडच्या बाजूला, मधला आणि बाहेरचा तिसरा हिस्सा मिळतात तिथे. नाकाकडे सरकवली तर टोक तिसऱ्या पापणीच्या (प्राण्यांच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असतो त्या पडद्याच्या) पुढ्यात, तिच्या आणि खालच्या पापणीच्या मध्ये जाऊन बसतं. ते कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. प्राणी डोळा मिटत असेल तर मिटू द्यावा. वरच्या पापणीवर नुसतं बोट ठेवावं, दाबू नये.

घड्याळ खरंच ६० सेकंदांचं लावा. अर्धं मिनिट ठेवून दुप्पट करायची सवय अनेकांना आहे, ती चुकीची आहे. पापणीच्या कप्प्यात आधीच साचलेलं पाणी कागद पहिल्या काही सेकंदांत ओढून घेतो, पुढचा वेग त्याच्यापेक्षा कमी असतो; दुप्पट केलेला आकडा जवळपास नेहमी फुगलेला असतो. मिनिट झालं की पट्टी काढताक्षणी वाचायची, खाचेपासून पुढे. कडा तिरकी असेल तर दोन्ही बाजूंचा आकडा घेऊन मधला धरायचा. पट्टी मध्येच पडली तर तीच पुन्हा लावायची नाही. दुसरा डोळा करून घ्यावा आणि पाच-दहा मिनिटांनी पहिल्या डोळ्याला नवी पट्टी लावावी, कारण लगेच केलेल्या दुसऱ्या तपासणीत रिकामा झालेला कप्पा मोजला जातो.

एक सक्त मनाई. कॉर्नियावर खोल जखम असेल, भोक पडण्याच्या बेतात असेल किंवा पडलेलं असेल, तर पट्टी लावायचीच नाही. अशा डोळ्याला पापणी ओढण्याचा दाबही पुरेसा असतो. उलट बाजूने हेही लक्षात असू द्या की पट्टी जिथे टेकली तिथे नंतर फ्लुरोसीन टाकल्यावर कधी फिकट हिरवी रेघ दिसते. ती पट्टीची खूण असते, तिला जखम समजून औषध सुरू करू नये.

कुत्र्यात आकड्याचा अर्थ बराच सरळ आहे. मिनिटाला १५ मिमी किंवा जास्त असेल तर ठीक. १० ते १५ च्या दरम्यान शंका धरायची आणि पुन्हा मोजायचं. १० च्या खाली आणि सोबत लक्षणं असतील तर कोरडा डोळा. ५ किंवा कमी म्हणजे आजार बळावलेला. पग, शिह त्झू, ल्हासा, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग यांच्यात हे वारंवार सापडतं. तरीही किती कुत्री महिनोन् महिने अँटिबायोटिकच्या थेंबांवर काढतात. पाणी नसलं की चिकट स्राव मागे राहतो, पिवळी-हिरवी दोरीसारखी चिपडं येतात, ती बघून 'इन्फेक्शन' असं लिहिलं जातं, थेंबांच्या ओलाव्याने चार दिवस बरं वाटतं आणि बाटली संपली की पुन्हा तेच. दरम्यान कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढतात, मग तपकिरी रंग पसरतो, आणि तो रंग पुरता माघारी जाणं कठीण असतं. चिपडं घेऊन आलेल्या प्रत्येक कुत्र्याला आधी ही पट्टी लावली तर यातले कितीतरी डोळे वाचतील, कारण सायक्लोस्पोरिनचं (ग्रंथीवरचा प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवणारं) मलम पाणी बनवणारी ग्रंथी थोडीतरी शिल्लक असताना सुरू केलं तरच चांगलं काम करतं. आकडा २ च्या खाली गेल्यावर आशा कमी होत जाते.

कुत्र्याच्याच बाबतीत एक बारकावा, जो नुसता तक्ता बघून कळत नाही. डोळा दुखत असताना पाणी वाढायला हवं. कॉर्नियावर ताजी जखम आहे, डोळा किलकिला आहे आणि आकडा १३ आला, तर ते 'जवळपास नॉर्मल' नव्हे. अशा डोळ्याने २० च्या वर जायला हवं होतं. ग्रंथी कमी पडते आहे आणि जखम कदाचित कोरडेपणामुळेच झाली आहे. म्हणून न दुखणाऱ्या डोळ्याचा आकडा नेहमी शेजारी लिहावा. एका बाजूचा डोळा कोरडा आणि त्याच बाजूची नाकपुडी कोरडी, खपली धरलेली असेल तर बिघाड मज्जातंतूचा आहे, आणि त्याचे उपचार वेगळे.

मांजर. इथे पट्टी तीच, पण तिच्याकडून मागायचं काही तरी वेगळंच. निरोगी मांजरांच्या आकड्यांची सरासरी १५ ते १८ मिमीच्या आसपास येते, म्हणजे कुत्र्याहून फार कमी नाही. अडचण पसाऱ्यात आहे: ठणठणीत डोळ्याचं मांजर एकेरी आकडा दाखवू शकतं आणि दुसरं तितकंच ठणठणीत मांजर ३० ओलांडतं. कारण मांजराचा घाबरा जीव. पिंजऱ्यातून बाहेर ओढलेल्या, शेजारी कुत्रा भुंकत असलेल्या मांजराच्या शरीरात भीतीची चेता जोरात असते आणि अश्रुग्रंथीचं पाणी त्या वेळी आटतं. त्यामुळे मांजराच्या ४ मिमीला कुत्र्याच्या ४ मिमीइतकं वजन देता येत नाही.

म्हणून मांजराला आधी शांत खोलीत दहा मिनिटं बसू द्यावं, पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून त्याच्याच टॉवेलवर. मानगूट धरू नये. टॉवेल खांद्यापर्यंत सैल गुंडाळावा आणि पट्टी समोरून न आणता बाजूने, गालाच्या मागून आणावी. डोळ्यासमोर येणारा हात बघितला की डोळा घट्ट मिटतो. मांजराच्या पापण्या बुबुळाला चिकटून असतात, कप्पा उथळ असतो, त्यामुळे कुत्र्यात आपोआप अडकून राहणारी पट्टी इथे घसरते. ती नीट बसली की पापण्या दोन बोटांनी मिटलेल्या धरून ठेवणं हाच भरवशाचा उपाय. तिसरी पापणी वर आलेली असेल तर टोक तिच्यापुढे अडकलं नाही ना हे दोनदा बघावं.

आणि मग आकडा कसा वाचायचा? कमी आकडा, पण कॉर्निया चकचकीत, चिपडं नाहीत, लाली नाही, रक्तवाहिन्या चढलेल्या नाहीत: काही देऊ नका, दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा मोजा. कमी आकडा आणि निस्तेज, खरखरीत दिसणारा कॉर्निया, सुजलेली लाल पापणी, शिंका किंवा जुन्या सर्दीचा इतिहास: मांजराच्या हर्पीस विषाणूचा विचार आधी करा. हा विषाणू पापणीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो आणि अश्रूंच्या वाटा बंद करू शकतो. दोन-तीन वेळा शांतपणे मोजूनही आकडा ५ च्या खाली आणि सोबत लक्षणं, तर तो डोळा कोरडा आहे असं निःशंकपणे लिहावं. डोळ्यांतून गालावर पाणी ओघळणारं पर्शियन मांजर बघून 'याला पाणी भरपूर आहे' असं ठरवू नये. चपट्या चेहऱ्यात पाणी नाकात उतरायची वाट वाकडी असते, म्हणून ते बाहेर सांडतं. किती बनतं हे पट्टीच सांगते.

पट्टी फक्त पाण्याचं प्रमाण सांगते. अश्रूंच्या थरात वरून तेल आणि खालून श्लेष्म असतो, त्यांच्याबद्दल ती मुकी आहे. आकडा १८ आणि तरी डोळा कोरडा दिसत असेल तर फ्लुरोसीनचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहावं: पापणी उघडल्यापासून हिरव्या थरात पहिला काळा ठिपका पडेपर्यंत किती सेकंद लागतात. कुत्र्यात हे साधारण २० सेकंद, मांजरात त्याहून कमी. मांजरात जुनाट डोळेदुखीत हीच दुसरी तपासणी पट्टीपेक्षा जास्त बोलते.

फिनॉल रेडचा धागा हा पट्टीचा खरा प्रतिस्पर्धी. झोन-क्विक या जपानी नावाने तो ओळखला जातो. पिवळा, बारीक सुती धागा. ३ मिमीचं वाकडं टोक पापणीत अडकवायचं आणि फक्त १५ सेकंद. अश्रू किंचित अल्कधर्मी असल्याने भिजलेला भाग लाल होतो. कुत्र्यात १५ सेकंदांत सुमारे ३४ मिमी, मांजरात एका अभ्यासात सुमारे २३ तर दुसऱ्यात २९. धागा टोचत नाही, म्हणून पट्टीने येणारं जास्तीचं पाणी यात फारसं मिसळत नाही, आणि मांजर १५ सेकंद धरून ठेवणं एका मिनिटाहून केव्हाही सोपं. तोटा किमतीचा आणि मिळण्याचा. ज्या दवाखान्यात मांजरं आणि ससे जास्त येतात त्यांनी तो आवर्जून मागवावा. फक्त कुत्री येत असतील तर पट्टी पुरेशी.

सशासाठी पट्टी तोकडी पडते. त्याचा नेहमीचा आकडाच ५ मिमीच्या आसपास असतो, निरोगी सशात शून्यही येतो. मग आजारी कोणाला म्हणायचं? गिनीपिगमध्ये तर पट्टी भिजतच नाही म्हटलं तरी चालेल, सरासरी अर्ध्या मिमीहून कमी, तर धागा १६ मिमीच्या आसपास देतो. अगदी लहान प्राण्यांत, पोपटात आणि कासवात दातांच्या रूट कॅनालमध्ये वापरतात त्या कागदी काड्यांनी मोजलं जातं. सापाला पट्टी लावायचा प्रश्नच येत नाही, त्याच्या डोळ्यावर पारदर्शक झाकण कायमचं जोडलेलं असतं. घोड्यात उलटी अडचण: ३० सेकंदांतच पट्टी शेवटपर्यंत भिजते. तेव्हा मिनिटाची वाट न बघता '३५ मिमी, इतक्या सेकंदांत' असं लिहून मोकळं व्हावं. घोड्यात १० च्या खालचा आकडा मात्र गंभीर समजावा.

तपासणीआधी औषधांची चौकशी हवीच. अ‍ॅट्रोपिनचे थेंब पाणी आटवतात, आणि ते इंजेक्शनने दिलं तरी आटवतं. कुत्र्यात सल्फा गटाची औषधं आणि इटोडोलॅक हे वेदनाशामक ग्रंथीलाच इजा करू शकतात. दीर्घकाळ सल्फा चालू असलेल्या कुत्र्याला सुरुवातीला आणि मधून मधून पट्टी लावली पाहिजे. झायलाझीन, मेडेटोमिडीन यांनी गुंगी दिलेल्या प्राण्याचा आकडा निकालात धरू नये. भूल उतरल्यावरही कुत्र्यात दिवसभर पाणी कमी राहू शकतं, म्हणून ऑपरेशननंतर डोळ्यात जेल घालणं हे पट्टीच्या आकड्यावर अवलंबून ठेवू नये. चेरी आयची (तिसऱ्या पापणीतून लाल गोळीसारखी बाहेर आलेली) ग्रंथी कापून टाकलेल्या कुत्र्याला तर आयुष्यभर ठरावीक अंतराने मोजायला हवं. त्या ग्रंथीचा पाण्यातला वाटा मोठा असतो.

पुनर्तपासणीत कृत्रिम अश्रूंचे थेंब काही तास आधीपासून बंद, सायक्लोस्पोरिन मात्र नेहमीच्या वेळेलाच. पहिला फरक चार ते सहा आठवड्यांनी बघावा. आठवड्यात आकडा हलला नाही म्हणून औषध बदलणं ही घाई आहे. नोंद अशी: 'उ ८, डा ११ मिमी/मिनिट, स. १०, थेंबांआधी, पट्टीचं नाव'. पट्टीचं नाव यासाठी, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकाच डोळ्यात वेगळे आकडे देतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. ८ वरून ११ झाला तो औषधाने की कागदाने, हे नाहीतर कळणार नाही.

घरी लावण्यासाठी पाळणाऱ्यांनी पट्ट्या मागवाव्यात का? मांजरासाठी नको. जुना कोरडा डोळा असलेल्या शांत कुत्र्यासाठी, पशुवैद्यकाने दोनदा करून दाखवल्यावर, चालेल.

साठवण कोकणात आणि मुंबईत विशेष जपायला हवी. पाकिटं ऑटोक्लेव्हजवळ किंवा बेसिनच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावीत. पाकीट फाडल्यावर निळ्या पट्ट्याची कडा रेखीव दिसली पाहिजे. ती पसरट, धुरकट असेल तर कागद आधीच दमट झाला आहे, फेकून द्या. नव्या खोक्यातली एक पट्टी तिच्या टोकाला सलाइनचा थेंब लावून बघायची सवय ठेवा: ओल सरळ रेषेत चढली तर खोकं चांगलं, एका बाजूने वर धावली तर दुकानदाराला परत. १०० पट्ट्यांचं खोकं म्हणजे ५० प्राणी. दिवसाला डोळ्यांचे दोन रुग्ण येत असतील तर महिन्याभरात ते संपेल, म्हणून एकाच नावाची दोन खोकी एकदम घ्या आणि दुसरं उघडताच तिसरं मागवा.